हजेरीपुस्तकातील दहावा माणूस

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात शनिवार पेठेतील कार्यालयात दिलेले भाषण. वक्त्यांनी छपाईसाठी थोडे सुधारून दिले आहे.)



युनियन असलेल्या व नसलेल्या नोकरीविषयी मी या संमेलनात चार शब्द बोलावेत, असे कार्यकारी मंडळाने मला कळविले, तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी विद्वान नाही, कामगार पुढारी तर नाहीच नाही. दहा वर्षे युनियन नसलेल्या जागी आणि तीस वर्षे युनियन असलेल्या जागी पोटासाठी राबलो, एवढाच माझा अधिकार. परंतु नकार देण्याचे खरे कारण निराळे होते. या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी काही कोणाचे तरी मालक आहेत, काही कोणाचे तरी नोकर आहेत, आणि कित्येकदा ते एकमेकांचेच आहेत. लग्नाच्या पंगतीत दोघे शेजारी बसतात, आग्रहाने एकमेकांच्या पानात जिलबी वाढतात, आणि सोमवारी सकाळी एक गल्ल्यावर बसतो व दुसरा कामाला लागतो. अशा सभेत हा विषय काढणे म्हणजे भरल्या घरात हिशेबाची वही उघडणे होय. तरीही सचिवांनी आग्रह सोडला नाही. म्हणून वही उघडतो. तिच्यात माझेही नाव आहे.

आज रविवार आहे म्हणून आपण सारे येथे जमू शकलो. हा रविवार आपल्याला कोणी दिला, याचा विचार आपण क्वचितच करतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना साप्ताहिक सुट्टी ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा स्थापन केली, पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले आणि पुढे सहा वर्षांनी, १८९० साली, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांच्या त्या संस्थेला ना वर्गणीदारांची यादी होती, ना निधी. आजच्या व्याख्येने ती युनियन नव्हेच. पण मागणे मागावयाचे तर ते एकट्याने नव्हे, ही गोष्ट तिने प्रथम दाखवून दिली. आपल्या ज्ञातीची वार्षिक संमेलने रविवारी भरतात, ती त्या सह्यांच्या जोरावर भरतात.

आता माझ्या वहीकडे वळतो.

या पेठेत, ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, एक छापखाना होता. आता तो नाही. मालक आपल्याच ज्ञातीचे. त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण ते आज उत्तर द्यावयास हयात नाहीत, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी जी माया आहे ती या भाषणाने उणी व्हावी अशी माझी इच्छा नाही. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. माझे वडील १९४८ साली तेथे खिळे जुळविण्याच्या कामावर लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी या पेठेत शिरले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमचे बिऱ्हाड नदीकाठी होते, ते नाहीसे झाले. छापखान्यात पुरुषभर गाळ साचला होता. खिळ्यांचे सारे खण उलटून बाराखडी, जोडाक्षरे, आकडे, वेलबुट्ट्या यांचा एकच ढीग झाला होता. काकांनी आम्हा पाच जणांना छापखान्याच्या माळ्यावर जागा दिली आणि चौदा महिने भाड्याचे नाव काढले नाही. इकडे वडील व त्यांचे सोबती घासलेटात ब्रश बुडवून एकेक खिळा धूत बसले. 'क'च्या खणात 'क' आणि 'क्ष'च्या खणात 'क्ष' परत जाईपर्यंत दोन महिने लोटले. त्या दोन महिन्यांचा पगार कोणी मागितला नाही, आणि काकांनी दिला नाही, कारण त्यांच्याजवळ तो नव्हताच. असे ते नाते होते. ज्यांना वाटते की युनियन नसलेली नोकरी म्हणजे निव्वळ पिळवणूक, त्यांनी हा माळा आणि हा गाळ ध्यानात ठेवावा.

१९७३ साली मी मॅट्रिक झालो आणि त्याच छापखान्यात लागलो. लागलो म्हणजे काय, तर एके दिवशी वडिलांबरोबर गेलो आणि परत आलो नाही! शुद्धलेखन मी शाळेत शिकलो नाही, ते काकांच्या हाताखाली शिकलो. लग्नसराईत 'चि.' आणि 'सौ. कां.' यांचे खिळे कमी पडत. मग एका पत्रिकेचा फर्मा यंत्रावरून उतरेपर्यंत दुसरीतला वर खोळंबून राही. दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्री दोन वाजेपर्यंत काम चाले. जादा वेळाचे पैसे असा शब्द तेथे कोणी उच्चारला नाही. पण मध्यरात्री काकू स्वतः पिठलेभात घेऊन येत, आणि तो पिठलेभात खाल्ल्यावर पैशांची भाषा कोणाच्या तोंडून निघणार?

छापखान्यात आम्ही तेरा माणसे होतो. हजेरीपुस्तकात नावे नऊ होती. मी, घड्या घालणारी दोन मुले आणि बांधणी करणाऱ्या एक विधवा बाई, असे आम्ही चौघे पुस्तकाबाहेर. कारण मला फार उशिरा कळले. विजेवर चालणाऱ्या यंत्रावर दहा माणसे असली की १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या दृष्टीने ती जागा कारखाना ठरत असे. नऊ असली तर ते नुसते दुकान. म्हणजे कायदा दारापाशी उभा होता आणि तो दहाव्या माणसाची वाट पाहत होता. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला, तोही दहाव्या माणसापासूनच सुरू होत होता. भविष्यनिर्वाह निधीला तर वीस माणसे लागत.

वडील १९७९ साली निवृत्त झाले. एकतीस वर्षे झाली होती. काकांनी छापखान्यातच छोटा समारंभ केला, शाल व श्रीफळ दिले, पाचशे एक रुपयांचे पाकीट दिले आणि बोलताना त्यांचा कंठ दाटून आला. वडिलांचेही डोळे भरले. तो प्रसंग खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. पुढे कित्येक वर्षांनी युनियनच्या एका अभ्यासवर्गात आम्हाला ग्रॅच्युइटीचे गणित शिकविण्यात आले: अखेरच्या मासिक पगाराला सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावे. सर्वांनी आपापला पगार घातला, मी वडिलांचा घातला. तीनशे बारा भागिले सव्वीस, म्हणजे बारा. बारा पंधरे एकशे ऐंशी. एकशे ऐंशी गुणिले एकतीस, पाच हजार पाचशे ऐंशी. मी ते गणित दोनदा केले. त्या रकमेत तेव्हा माझ्या बहिणीचे लग्न कर्जावाचून झाले असते.

पण गणितापेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक लागली. हजेरीपुस्तकात दहावे नाव असते, तर माझ्या वडिलांना ती रक्कम हक्काने मिळाली असती. आणि ते लिहिले न गेलेले दहावे नाव माझे होते.

वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, एका संध्याकाळी, धीर करून मी काकांना विचारले होते, "काका, माझे नाव मस्टरवर कधी चढणार?" ते रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू घरचा. घरच्या माणसाचे नाव कोणी वहीत लिहितो का?" हे वाक्य ऐकून मला त्या वेळी खरोखर धन्यता वाटली. आपल्या ज्ञातीत हे वाक्य किती दुकानांत आणि किती कारखान्यांत बोलले गेले असेल, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. त्या काळच्या कायद्याने सात माणसे जमली तरी युनियनची नोंदणी करता येत होती. आम्ही तेरा होतो. कोणाच्या मनात तो विचारही शिवला नाही, कारण घरात कोणी युनियन काढीत नाही.

नंतर १९८० साल उजाडले, आणि या शहरात एक नवल घडले. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणींनी संप केला. ज्यांना फाटक नाही, भोंगा नाही, एका छपराखाली कधी एकत्र येणे नाही, अशा बायका रस्त्यावर आल्या, पगारवाढ व हक्काची सुट्टी मागू लागल्या, आणि त्यांतून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आमच्या छापखान्यातील बांधणीच्या बाई सकाळी दोन घरची भांडी करीत. त्या एके दिवशी दुपारी घड्या घालताना सहज म्हणाल्या, "भांड्यांच्या घरी मला आता महिन्यातून सुट्टी आहे. इथे नाही." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मीही तेच केले.

१९८३ साली मी छापखाना सोडला. काकांना वाईट वाटले, पण त्यांनीच पेढे वाटले. पिंपरीच्या पट्ट्यातील एका मोठ्या कारखान्यात मी भांडारात लागलो. प्रथम सात महिने तात्पुरता, मग घरी, मग पुन्हा सात महिने, मग पुन्हा घरी. येथेही एक आकडा होता. औद्योगिक कलह कायद्याप्रमाणे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की ती अखंड वर्षाची नोकरी गणली जात असे, आणि मग माणसाला सहजासहजी काढता येत नसे. म्हणून दोनशे चाळिसावा दिवस उगवण्यापूर्वीच कार्ड काढून घेत. छापखान्यात दहावा माणूस येऊ देत नव्हते, येथे दोनशे चाळिसावा दिवस येऊ देत नव्हते. १९८५ साली युनियनने काही तात्पुरत्यांची यादी रेटून धरली, तीत माझे नाव होते, आणि मी कायम झालो. पहिल्यांदा माझे नाव एका वहीत शाईने लिहिले गेले.

काय फरक पडला? लोक पगार सांगतात. पगार वाढलाच. पण मला आठवते ती वेगळी गोष्ट. छापखान्यात वडील आजारी पडले तेव्हा काकांनी मला चार दिवस सोडले होते, वर पन्नास रुपये दिले होते, आणि त्यानंतर वर्षभर दर कामाच्या घाईत त्या चार दिवसांची आठवण दिली होती. कारखान्यात १९८७ साली वडील अखेरच्या दुखण्यात होते तेव्हा मी रजेचा छापील अर्ज भरला. साहेबांनी सही केली. ते माझ्यावर प्रसन्न नव्हते, त्यांनी वडिलांची चौकशीही केली नाही. परंतु परत आल्यावर त्या रजेविषयी पुन्हा एक शब्द निघाला नाही. त्यातला कोरडेपणा मला जाणवला. त्या कोरडेपणात किती विसावा असतो, हेही जाणवले.

युनियनचे गुणगानच करावयाचे असते तर मी येथेच थांबलो असतो. परंतु तीस वर्षांत जे डोळ्यांनी पाहिले तेही सांगितले पाहिजे. युनियनच्या आडोशाने रात्रपाळीत झोपा काढणारे होते. काम न करता निवडणुका लढविणारे होते. एका फाटकात दोन युनियनी झाल्या म्हणजे सख्खे मित्र एकमेकांच्या ताटाला ताट लावून बसेनासे होतात, हेही पाहिले. महाराष्ट्रात १९७१ साली मान्यताप्राप्त युनियनचा कायदा झाला. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या जागी, ज्या युनियनकडे सहा महिने किमान तीस टक्के सभासद, तिला मान्यता मिळू शके. कागदावर हे साधे दिसते. प्रत्यक्षात, कामगारांच्या वतीने कोणी बोलावे, या एका प्रश्नावर रक्तबंबाळ भांडणे झाली.

त्यांतले सर्वांत मोठे या पेठेच्या दारातच घडले. १९८९च्या सप्टेंबरात टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यातील कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापुढे उपोषणास बसले. त्यांच्या युनियनला डावलून व्यवस्थापनाने दुसऱ्या युनियनशी वेतनकरार केला होता. आमचा कारखाना निराळा, पण पाळी सुटली की मी घरी जाताना वाड्यापाशी थांबत असे. हजारो माणसे मैदानात पथाऱ्या टाकून पडलेली. घोषणा थांबल्या की इतके शांत होई की रस्त्यापलीकडचे बोलणे ऐकू यावे. महिन्याच्या अखेरीस एका रात्री पोलिसांनी साऱ्यांना उचलून नेले आणि ते आंदोलन मोडले. सकाळी मी गेलो तेव्हा मैदान रिकामे होते. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा करावयास मी येथे उभा नाही. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२चा संप आमच्या डोळ्यांसमोर ताजा होता. अडीच लाखांच्या घरात माणसे, आणि त्यांतली कितीतरी पुन्हा गिरणीत गेली नाहीत. त्या सकाळी रिकाम्या मैदानाकडे पाहताना मला भीती वाटली, एवढे प्रांजळपणे सांगतो. आणि भ्यालेला माणूस काय करतो, हे मी पुढे स्वतःच दाखविले.

नव्वदीच्या दशकात मी आमच्या युनियनच्या कार्यकारिणीवर निवडून आलो. नव्या कराराची बोलणी चालली होती. आमच्या मागणीपत्रात तात्पुरत्या कामगारांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याचे एक कलम होते. व्यवस्थापनाने सांगितले, पगारवाढ हवी तेवढी घ्या, ते कलम सोडा. दोन रात्री चर्चा झाली. ते कलम सोडले. कागदावर माझीही सही आहे. त्या तात्पुरत्यांमध्ये आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा होता. त्याला मीच चिठ्ठी देऊन लावला होता. कार्ड काढून घेतले त्या दिवशी तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, "मामा, युनियन म्हणजे तुम्हीच ना?" मी त्याला सांगितले, "तू घरचाच आहेस, पुढे बघू." शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आले की ते माझे नव्हेत. ते काकांचे होते.

तेव्हापासून युनियन आणि बिनयुनियन हा भेद मला पूर्वीइतका मोठा वाटेनासा झाला. नऊ माणसांचा छापखाना आणि हजारो माणसांचा कारखाना, दोन्हीकडे एक वही होती, आणि वहीतले लोक वहीबाहेरच्यांना आपले म्हणत, फक्त लिहीत नसत.

मग याला उपाय काय? तो याच शहराने दाखविला आहे. १९५०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी पुण्याच्या बाजारपेठेतील हमालांची पंचायत उभी केली. हमालाला मालक एक नसतो. सकाळी एका आडत्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. कोणाच्याही वहीत त्याचे नाव येणे शक्य नव्हते. तेथे दहाव्या माणसाची वाट पाहत बसले असते तर ती जन्मभर संपली नसती. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला, त्यामागे हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेने केलेली खटपट होती. त्या कायद्याची युक्ती पाहा. व्यापाऱ्याने व हमालाने, दोघांनीही मंडळाकडे नोंद करावयाची. मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही व्यापारी मंडळात भरणार. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि लेव्हीतून त्याची रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी भागविणार. कोणा एका मालकावर सारा बोजा नाही, आणि कोणा एका मालकाची मर्जीही नाही. १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली, तिनेही हाच धडा गिरविला: ज्यांचे नाव कोणी लिहीत नाही त्यांनी प्रथम आपली वही आपणच करावी.

छोट्या मालकांनी माझ्यावर रागावू नये. त्यांची अडचण मी जाणतो. आमच्या काकांचेच पाहा. ऑफसेट आणि पुढे संगणक आला, खिळ्यांचा छापखाना बसला. पानशेतच्या गाळातून धुऊन काढलेले ते खिळे त्यांनी अखेर शिशाच्या भावाने, मणामणाने विकले. त्यांच्या म्हातारपणाला भविष्यनिर्वाह निधी नव्हता, ग्रॅच्युइटी नव्हती. नऊ माणसांवर थांबून त्यांनी जे वाचविले ते त्यांच्याही हाती राहिले नाही. त्यांना दहाव्या माणसाचे भय होते, इन्स्पेक्टरचे भय होते, खर्चाचे भय होते. ते एकटे होते, आणि आम्हीही प्रत्येक जण एकेकटे होतो.

आता कायदे पुन्हा बदलले आहेत. १९४८च्या दुकानांच्या कायद्यात नोकर किती, हे विचारीत नसत. राज्याच्या २०१७च्या कायद्याने तेथेही दहाचा आकडा आणून बसविला. केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस झाली, विजेवाचून चालणाऱ्याची विसावरून चाळीस. मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही त्यांतली चांगली गोष्ट; ती मी नाकारीत नाही. परंतु आमच्या छापखान्यात ज्याला दहावा म्हणत, तो आता विसावा झाला. मधले दहा कोठे गेले, हे विचारण्याचे काम आता ज्याने त्याने आपापल्या दुकानात करावयाचे आहे.

शिष्यवृत्ती निधीला आपल्यातील व्यापारी व कारखानदार मंडळी सढळ हाताने देतात, त्यांची नावे स्मरणिकेत छापली जातात, आणि ती छापली जावीत. माझी सूचना एवढीच, की देणगीदारांच्या यादीबरोबरच, आपल्या दुकानातील सर्व माणसांना लेखी नेमणूकपत्र व पगाराची पावती देणाऱ्यांचीही यादी पुढील वर्षी छापावी. कायद्याने सक्ती केली म्हणून नव्हे. कायदा तेथवर पोहोचत नाही म्हणूनच. आणि एकेका छोट्या दुकानाला निधी जमविणे जड जात असेल, तर हमालांच्या मंडळासारखा, पाचपन्नास दुकानांनी मिळून महिन्याला काही टक्के घालावयाचा एक निधी संस्थेने चालवून पाहावा. त्याचे नियम लिहावयास मी बसेन. शुद्धलेखन मला येते.

एक गोष्ट राहिली. हिशेब तपासनीस म्हणून मागील महिन्यात मी या कार्यालयाचे दप्तर पाहिले. हजेरीपुस्तकात लेखनिक आणि पहारेकरी अशी दोनच नावे आहेत. आपण ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या सकाळी सहा वाजता ज्यांनी मांडल्या, आणि आपण गेल्यावर ज्या मावशी हे सभागृह झाडतील, त्या दोघांची नावे तेथे नाहीत. ती 'किरकोळ खर्च' या सदरात आहेत. मावशींना येथे अकरा वर्षे झाली. अध्यक्ष महाराजांच्या अनुज्ञेने मी उद्या सकाळी अकरा वाजता नवे पुस्तक घेऊन कार्यालयात येणार आहे. सचिवांनी कृपा करून किल्ली पहारेकऱ्यापाशी ठेवावी.